धागा तुटला नव्हता

फोनवर मुख्य सर्जन एवढंच म्हणाले, "टाके उसवलेत. ताबडतोब या."

उकरीबाई चहा अर्धा टाकून निघाल्या. त्या निवृत्त सर्जन होत्या, पण बिघडलेल्या ऑपरेशनची चौकशी असली की अजूनही त्यांनाच बोलावणं यायचं. मूळ उकरल्याशिवाय थांबत नसत, म्हणून हे नाव. त्यांना एका जागी बसवत नसे. प्रश्नही फेऱ्या मारत विचारायच्या.

पेशंट म्हणजे सर्जनांच्या सख्ख्या वहिनी. महिन्यापूर्वी सर्जनांनीच त्यांचं गर्भाशय दुर्बिणीतून काढलं होतं. त्यानंतर योनीचं वरचं तोंड आतून शिवतात. ते शिवलं होतं हाताखालच्या तरुण डॉक्टरणीने. काल ती शिवण उघडली, आतडं खाली उतरू लागलं. दुसऱ्या एका सर्जनांनी धावत येऊन पुन्हा शिवलं, म्हणून वहिनी वाचल्या.

"शिवण हिची, दोष हिचा," सर्जन सगळ्या स्टाफसमोर म्हणाले. "यापुढे ही ऑपरेशनला उभी राहणार नाही."

डॉक्टरीण भिंतीला टेकून उभी होती. डोळे सुजलेले.

"गाठ सुटली का गं?" बाईंनी विचारलं.

"गाठ नव्हतीच, मॅडम. काटेरी धागा होता. तो गाठीशिवाय स्वतःच मांस धरून बसतो."

काल काढलेला धागा बाटलीत ठेवला होता. बाईंनी तो खिडकीशी नेऊन पाहिला. धागा अखंड होता. त्याच्या वेढ्यांत मांसाची रुंद, करपलेली पट्टी अडकली होती. बाईंच्या फेऱ्या वाढल्या.

वॉर्डात वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या.

"घरी काही जड उचललंत?"

"सून पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही."

"आणि... नवरा-बायको म्हणून काही?"

वहिनींना हसू आलं आणि टाक्यांनी ते लगेच थांबवलं. "अहो, हे जाऊन दहा वर्षं झाली! आता कोण येणार?" मग म्हणाल्या, "ऑपरेशनआधी भाऊजींनी माझा हात धरला होता. त्यांचाच हात बर्फासारखा गार. मीच म्हटलं, घाबरू नका."

ऑपरेशनच्या खोलीतल्या सिस्टर वैतागलेल्याच होत्या. "त्या दिवशी इतका धूर, की कॅमेरा पुसून पुसून मी कावले. रक्त मात्र नावाला नाही. आणि एरवी सर सुई कुणाला देत नाहीत, त्या दिवशी देऊन बाहेर गेले."

बाई सर्जनांच्या खोलीत आल्या. डॉक्टरणीलाही आत घेतलं आणि दार लावलं.

"धागा तुटला नाही, सुटलाही नाही. टाके कडेला घेतले असते तर अडकलेली पट्टी बारीक असती. ही रुंद आहे, म्हणजे पोरीने आत सरकून नीट घेतलेत. टाक्यांनी मांस धरलं, पण ते मांसच मेलेलं होतं. भाजलेली कड जुळत नाही, डॉक्टर. विजेच्या हत्याराने कड कापली कोणी?"

बाई फेरी मारून त्यांच्या समोर आल्या.

"समोर वहिनी. रक्ताचा थेंब दिसला की तुम्ही भाजत गेलात. मग तुमच्याने शिववेना, म्हणून सुई हिला दिलीत." त्या डॉक्टरणीकडे वळल्या. "तुला कड काळी दिसली नव्हती?"

"दिसली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"सरांना कोण बोलणार?"

"वहिनीचा जीव गेला असता, तेव्हा बोलली असतीस?" बाई कडाडल्या. "हा दोष मात्र तुझा. तोही मी लिहिणार आहे."

सर्जनांनी तोंड ओंजळीत धरलं. "आई गेल्यावर मला वहिनीने वाढवलं. तिचं रक्त मला बघवेना. नंतर वाटत राहिलं, शिवणच चुकली असेल. तसंच असावं असं वाटत होतं."

"हे वहिनींनाच सांगा," बाई म्हणाल्या.

सर्जन वॉर्डात गेले. खाटेपाशी उभं राहून कसंबसं म्हणाले, "वहिनी, शिवण चांगली होती. चूक माझी होती."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांचा हात हातात घेतला. तो आजही गारच होता.

"मला सांगितलंत, बरं केलंत, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पण दोष तुम्ही त्या पोरीला चारचौघांत दिला होता, सिस्टरांनी सांगितलं मला. आता जा, चारचौघांतच परत घ्या."