कोंबड्याचं पोट

बाबांनी रंगाचा डबा कधी विकत आणला नाही. "रंग लावायचा नसतो गं, हुडकायचा असतो," म्हणत ते भंगारवाल्याकडून फुटक्या बादल्या नि बाटल्यांची झाकणं पोत्यांनी आणायचे. आई कपाळाला हात लावायची. त्याच कचऱ्यातून बागेसाठी हत्ती, मासे, मोर उभे राहायचे.

बाबा बांबूच्या सांगाड्यात, पोटात बसायचे, लेक बाहेर. ती तुकडा लावून तारेची टोकं आत ढकलायची, ते आतून पिळायचे. बाहेर टोक राहिलं तर खेळणाऱ्या पोरांना ओरखडे यायचे. बांबूवर एक टकोरा म्हणजे पक्कड दे. दोन म्हणजे मला बाहेर घे. ते बाहेर आले की उरलेलं भोक तेवढं बाहेरून बंद करायचं.

कोंबडा अर्धाच राहिला आणि बाबा गेले. कितीतरी महिने तिचा हात त्याला लागेना. तो पुरा झाला की बाबांबरोबरचं काम कायमचं संपणार होतं. शेवटी बागवाल्यांनी तगादा लावला, तेव्हा ती एकटीच बसली. बाहेर तुकडा लावायचा, आत शिरून तार पिळायची. गुडघ्यांचं पार भरीत झालं.

एका सकाळी शेपटीला निळा तुकडा लावून ती आत शिरली. तारा पिळलेल्या होत्या.

आपणच पिळल्या असतील, असं तिने स्वतःला बजावलं आणि बाहेर येऊन दुसरा तुकडा लावला. टोकं आत हलकेच ओढली गेली.

घाबरायला हवं होतं. तिला रडू आलं, हसूही आलं.

एक टकोरा पडला. तिने भोकातून पक्कड आत धरली. हात रिकामा झाला.

तो दिवस जुन्या दिवसांसारखा गेला. भंगारवाल्याच्या नकला करत ती भराभर तुकडे लावत होती.

"कुणाशी गं बोलतेस?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"कोंबड्याशी!"

"त्याला म्हणावं, आरव आता एकदाचा!"

संध्याकाळी आत शिरायचं भोकही तुकड्यांनी भरत आलं, वीतभरच उरलं. त्यासाठी तिने बाबांच्या जेवणाच्या डब्याचं लाल झाकण जपून ठेवलं होतं. ते बसवलं, टोकं आत ढकलली. आतून घट्ट पीळ बसला.

ती मागे सरून बघत राहिली. कोंबडा झकास दिसत होता.

शेवटच्या तारा बाहेरून पिळायच्या असतात, हे तिला तेव्हा आठवलं.

तिने झाकण ओढलं. हलेना. वळून स्टुलावर चाचपडलं.

पक्कड आत होती.

बांबूवर दोन टकोरे पडले.