इब्राहीमभाईंची शेवटची लाट

भुतं रात्रीच येतात असं ज्यांनी सांगितलं, त्यांनी दोह्याची जूनमधली दुपार पाहिलेली नाही. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. डोळे मिटले तरी उजेड लाल होऊन आत येतो आणि प्रत्येक भिंतीमागे एसी घुमत असतो. अशाच एका शुक्रवारी दुपारी मी ओल्ड एअरपोर्ट भागात इब्राहीमभाईंच्या फ्लॅटवर त्यांची पेटी आणायला गेलो होतो. बसा, चहा घ्या, सांगतो. फक्त कोपऱ्यातल्या त्या चादरीला हात लावू नका.

मी बाजीराव. गाव कोल्हापूरकडचं, धंदा इलेक्ट्रिशियनचा आणि अंगात हलगी. कंपनीच्या कॅम्पात मी पत्र्याच्या डब्यावर हलगी बडवत होतो, ती ऐकून इब्राहीमभाईंनी मला थेट ड्रमवर बसवलं. ते रत्नागिरीच्या खाडीकाठचे, खलाशाचा मुलगा. दिवसा क्लार्क आणि संध्याकाळी गिटार. सर्फ रॉक म्हणजे लाटांवर स्वार झालेली गिटार, आणि ती इथल्या लोकांना पहिल्यांदा ऐकवली ती याच माणसाने. जाड तारांवर त्यांचा हात असा फिरायचा की हातातली प्लास्टिकची पट्टी वाजवता वाजवता झिजून जायची. आवाज ओला व्हावा म्हणून तो एका लाकडी पेटीतून न्यायचे. पेटीत नुसत्या लांब स्प्रिंगा. पण सूर त्यांच्यावरून गेला की लाट फुटावी तसा फुटायचा आणि घुमत घुमत विरायचा.

डोळे मिटून वाजवायला लागले की भाईंना कशाचं भान नसे. "बाजी, मला थांबवायचं काम तुझं," म्हणायचे. मी शेवटचे ठोके दिले की थांबत. आणि लाट पुरती विरल्याशिवाय पेटी बंद करायची नाही, हा त्यांचा कायदा. "आली तशी परत जाऊ दे रे तिला."

ते गेले तेव्हा घरी, माझ्याशिवाय वाजवत होते. ठोके द्यायला कुणी नव्हतं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या आठवणीचा कार्यक्रम होता. त्यांची मुलगी मरियम त्यासाठी अल खोरहून आली होती. बापाची सर्वांत गाजलेली धून ती बापाच्याच पेटीवर वाजवणार होती. ताहेरुन्निसाभाभी मात्र इद्दतीत होत्या. नवरा गेला की ठरलेले महिने बाईने घर सोडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. त्यामुळे त्या आतल्या खोलीत आणि मधे दारावर जाड पडदा.

"बाजीराव, पेटी घेऊन जा," पडद्यामागून आवाज आला. "पण इथे लावू नका. ते पडले तेव्हा आवाज नुसता घोंगावत होता. श्वास चालू आहे का ते मला ऐकू येईना, म्हणून मी वायर उपटली. तेव्हापासून ती बंदच आहे."

"अम्मी, चेक तर करायला पाहिजे ना," मरियम गिटार गळ्यात घालत म्हणाली. "हॉलमध्ये प्रॉब्लेम आला तर? यल्ला, चला काका, लावा."

मी वायर लावली. मरियमचा हात अजून तारांजवळही नव्हता.

पेटीतून लाट आली. अर्धवट तुटलेला सूर, भाईंचा. दोह्याच्या समुद्राला येत नाही असा वास खोलीत पसरला, ओहोटीच्या खाडीचा, चिखलाचा, कुजक्या शेवाळाचा. एसीचा आवाज कधी थांबला ते कळलं नाही. आणि मरियमचा हात तारांवर पडला.

असं वाजवणं तिला येत नव्हतं. कुणालाच येत नव्हतं, भाईंशिवाय. पट्टी झिजली, गळून पडली. हात चालूच. पांढऱ्या गिटारवर रक्ताचे बारीक शिंतोडे उडाले.

"काका..." ती कुजबुजली. "माझा हात... थांबत नाहीये..."

मी वायरीकडे झेप घेतली.

"उपटू नका!" पडद्यामागून भाभी ओरडल्या. "मी तेच केलं होतं!"

तेव्हा मला आठवलं, थांबवायचं काम कुणाचं. टीपॉयवर मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने शेवटचे ठोके दिले, जीव खाऊन, जसे कायम द्यायचो तसे. मरियमचा हात गळून पडला.

सूर घुमत राहिला. आम्ही श्वास रोखून लाट परत जायची वाट पाहत होतो. ती गेली, पण पेटीत नाही. आवाज फरशीवरून सरकत माझ्या पायांजवळून गेला आणि पडद्याखालून आत शिरला. माझे मोजे ओले झाले.

आत भाभी कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होत्या.

"भाभी?"

"ते एकटे आहेत तिकडे," पडद्यामागून शांत आवाज आला. "मरियमला नेतो म्हणत होते."

मरियमने माझा दंड घट्ट धरला.

"मग... तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, तिला हात लावायचा नाही. मी येते. पण इद्दत पुरी होऊ द्या."

कार्यक्रम झाला, मरियमने वाजवलं नाही. मुलीच्या जवळपास नको म्हणून पेटी भाभींनी माझ्या गळ्यात घातली. मी ती फेकू शकलो नाही, त्या चादरीखाली आहे ती. चाळीस ठिकाणची वायरिंग केलेला माणूस मी, पण त्या पेटीचं झाकण उघडायची माझी छाती झाली नाही. काल भाभींचा फोन आला होता. आवाज इतका हलका, जसा माहेरी निघालेल्या बाईचा. "बाजीराव, उद्या मगरिबला, दिवस मावळताना, माझी इद्दत संपते. या वेळी ठोके देऊ नका. माझी शपथ आहे."

मरियम सकाळपासून आईला मिठी मारून बसली आहे. तिनेही मघाशी फोन केला, रडत, "काका, ठोके द्या, काहीही करा." दोघींपैकी कुणाचं ऐकू?

मगरिबची अजान आता होईल. पेटीची वायर ही बघा, माझ्या हातात आहे, भिंतीला लावलेली नाही.

आणि तुमच्या पायाखालची फरशी ओली कधी झाली?