जाड तारा कोणत्या बाजूला

“उजव्या हातानं, बाळा. तारा उजव्या हातानं छेडायच्या. डाव्याला वर दांडीवर जाऊ दे.”

बाबा हे सांगायचे तेव्हा खुर्चीवर बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकतही नव्हते. पेन्सिल, चमचा, कात्री, सगळं तिच्या डाव्या हातात. पण घरात गिटार एकच, ती बाबांची, आणि बाबा उजवे. तेव्हा गिटारपुरती तीही उजवी झाली. इतकी, की त्यात काही वेगळं आहे हे पुढे तिच्या ध्यानातही राहिलं नाही. बोटं अडखळायची, ताल जरासा मागे राहायचा... आपल्या अंगात कला नाही, असं म्हणून ती मोकळी व्हायची.

त्या दुपारी हीच गिटार छातीशी धरून ती लिफ्टमध्ये अडकली. बाबांची बोटं आता आखडली होती, म्हणून गिटार तिच्याकडे आली होती. आणि तारा जिथे अडकवतात तो खालचा ब्रिज सुटून लोंबत होता. वाद्यांचं दुकान अगदी वरच्या मजल्यावर. लिफ्टनं मध्येच एक गचका खाल्ला, दिवा गेला, आणि तिनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

“दाराला हात लावू नका,” वरून कुणाचा तरी आवाज आला. “कोण आहे आत?”

“मी.”

“मी म्हणजे?”

“मी... आणि एक गिटार.”

“दोघींपैकी घाबरलंय कोण?”

“गिटार.”

“तिला सांगा, दोर नवा आहे. मीच बदललाय.”

“सांगते. पण लवकर काढा. काढलंत तर एक गाणं वाजवून दाखवीन.” अंधारात माणूस काहीही कबूल करतो, तसं ती बोलून गेली.

“लक्षात ठेवीन हं,” आवाज म्हणाला.

दार किलकिलं झालं. आधी उजेड आत आला, मग ग्रीसनं माखलेला एक हात, आणि मग चेहरा. भुवयांवर लाकडाचा बारीक भुसा. लिफ्टच्या कारागिराच्या भुवयांवर भुसा कुठून आला, हा तिला पडलेला पहिला प्रश्न. त्यानंतर तिला इतके प्रश्न पडले की या पहिल्याचं पुढे तिला हसूच यायचं.

त्याची नजर मात्र तिच्यावर नव्हती, गिटारवर होती. “ही वर नेऊ नका.”

“का?”

“वरचा दुकानदार स्क्रू मारून ब्रिज बसवतो. मग लोक माझ्याकडे येतात, स्क्रू काढायला.”

“तुमच्याकडे? लिफ्टवाल्याकडे?”

“आठवडाभर लिफ्ट. सुट्टीच्या दिवशी गिटार बनवतो.” तो जरा लाजला. “हौस आहे.”

तिनं पर्समधून पेन काढलं आणि त्याचा पत्ता स्वतःच्या उजव्या तळव्यावर लिहून घेतला. तो तिच्या हातांकडे टक लावून बघत होता. आपलं अक्षर बघतोय, असं वाटून तिनं मूठ मिटली.

ब्रिज एका दिवसात चिकटला. तिचं जाणं-येणं मात्र सुटलं नाही.

त्याच्या घरामागे एक खोली होती. भिंतीला कमरेत वाकवलेल्या पातळ फळ्या टांगलेल्या, चुलीवर सरसाचं भांडं, आणि टेबलावर एका अर्धवट गिटारच्या कडेला चहूबाजूंनी कपड्यांचे चिमटे लावलेले. चिकटवलेली पट्टी सुकेपर्यंत धरून ठेवायला. त्याची थोरली बहीण चहा घेऊन यायची आणि दारातच उभी राहायची.

“माझे सगळे चिमटे ह्याच्या गिटारीला,” ताई तिला सांगायची. “आमचे कपडे वाऱ्यावर. तू चष्म्याच्या दुकानात आहेस ना? याचे डोळे तपास एकदा. समोरची दोरी दिसत नाही याला.”

“दिसते की,” तो म्हणायचा. “चिमटे कमी दिसतात.”

तो तिला ‘चष्मेवाली’ म्हणायचा, ती त्याला ‘लिफ्टवाले’. तिच्या हातात त्यानं रंधा दिला, तेव्हा लाकडाचा पहिला पापुद्रा गुंडाळत वर आला आणि तिच्या मनगटावर बसला. तो फुंकर घालून उडवायला वाकला... आणि न फुंकताच सरळ झाला. आता याचा अर्थ काय लावायचा? घरी जाईपर्यंत ती लावत राहिली. कुठलाच बसेना.

एकदा त्यानं बाबांच्या गिटारच्या गोल भोकातून छोटा आरसा आत सरकवला. “या, आतून बघा. फळीच्या पोटाला या लाकडी पट्ट्या असतात. जाड तारांच्या बाजूला फळी मोकळी ठेवायची, तिला घुमायचं असतं. बारीक तारांच्या बाजूला आधार जास्त. हे एकदा चिकटवलं की बदलता येत नाही.”

दोघांची डोकी एका भोकावर वाकलेली. आरशात तिला पट्ट्या दिसल्या, आणि कोपऱ्यात त्याची भुवई.

“आणि गाणं?” त्यानं तिथूनच विचारलं. “लिफ्टमधलं?”

“तारा नव्या आहेत... बसू देत जरा.”

पुढच्या वेळी तिचं बोट कापलेलं असायचं, त्याच्या पुढच्या वेळी घाई असायची. खरं म्हणजे त्याच्यासमोर अडखळणारी बोटं दाखवायची तिला लाज वाटत होती. तो हट्ट धरायचा नाही. नुसता तिच्या हातांकडे बघून काहीतरी मनाशी ठरवल्यासारखी मान हलवायचा.

तेवढ्यात तिच्या चष्म्याच्या दुकानात वेगळंच उपटलं. मालकीणबाई दुसऱ्या गावी शाखा काढत होत्या. “तू सांभाळशील?” त्यांनी विचारलं. “वडलांना घेऊन जा. घर वरच आहे. महिनाअखेर मला हो-नाही सांग.”

मोठी गोष्ट होती. वर्षभरापूर्वी ती उडी मारून हो म्हणाली असती. आता रोज पहाटे, कुणाशी एक शब्द बोलण्याआधी हात जोडून बसायचा तिचा नेम होता, त्यातही हाच प्रश्न मध्ये येऊन बसू लागला. आजवर तिनं देवाकडे काही मागितलं नव्हतं. आता मागावंसं वाटे, पण काय मागायचं तेच कळेना. त्यानं काही बोलावं, हे? की त्यानं न बोलताच आपल्याला कळावं, हे? तो एक शब्द बोलला असता तर तिनं निदान उंबऱ्यावर थांबून विचार केला असता. तो बोलायचा ते फक्त लाकडाबद्दल.

बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. ओल्या हवेत लाकूड फुगतं, म्हणून नव्या गिटारची वरची फळी त्याला चिकटवता येत नव्हती. “पाऊस थांबला, हवा कोरडी झाली, की ही मिटवीन,” तो म्हणायचा. ती खिडकीबाहेर बघून मनात म्हणायची, नको थांबू.

अशाच एका सुट्टीच्या दिवशी ती फळी टेबलावर पोट वर करून पडली होती. तिनं पाहिलं. मान वाकडी करून पुन्हा पाहिलं. पट्ट्या उलट्या वाटल्या. मग आठवलं, त्या दिवशी आरशात पाहिलं होतं, आरशात उलटंच दिसणार. पण तरीही...

“जाड तारा कोणत्या बाजूला?”

त्यानं बोट ठेवलं. “इकडे.”

तिनं मनातल्या मनात फळी उलटी केली, दांडी जोडली, गिटार नेहमीसारखी, दांडी डावीकडे ठेवून मांडीवर घेतली. जाड तार खाली गेली. म्हणजे ही डावखुऱ्या माणसासाठी होती.

“कोणासाठी आहे ही?” तिनं अगदी सहज विचारलं. म्हणजे, सहज वाटावं असं.

रंधा ओढणारा त्याचा हात थांबला. कान लाल झाले. “आहे... एकजण.”

“गाणं वाजवता येतं?”

“ऐकलं नाही अजून. ऐकवेल म्हणाली होती.”

तो ‘म्हणाली’ म्हणाला. म्हणजे बाई. डावखुरी बाई. चहा तसाच ठेवून ती उठली. ताई दारात म्हणाली, “अगं, पाऊस आहे,” तर ही म्हणाली, “हो ना,” आणि भिजत निघून गेली.

मग तिला हात बघण्याचं खूळच लागलं. चष्मा घ्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईपुढे ती पेन ठेवायची आणि कोणता हात पुढे येतो ते बघत बसायची. बेकरीतली मुलगी डाव्या हातानं पाव कापते, हे तिला इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं. ते आता दिसलं.

“तुमच्याकडे... ते लिफ्टवाले येतात का हो?”

“रोजचेच की,” मुलगी हसून म्हणाली. “छान आहेत ना?”

झालं. पाव न घेताच ती बाहेर पडली.

दुकानात मालकीणबाई बघत होत्या. “काय गं, सगळ्या बायकांचे हात काय बघतेस? आपण डोळे बघतो इथं.”

“नाही... काही नाही,” म्हणत तिनं डाव्या हातानं भिंगांचा डबा उघडला, डाव्या हातानं भिंग उचललं, डाव्या हातानं पुसलं. “मी तुम्हाला हो म्हणते. त्या गावी जाते मी.”

“विचार केलास नीट?”

“केला,” ती म्हणाली. केला होता, पण नीट नव्हे.

आणि मग पाऊस उघडला. चांगला आठवडाभर कोरडं, करकरीत ऊन पडलं. निरोप तरी घ्यावा, न सांगता जाणं बरं दिसत नाही, असं स्वतःला समजावत ती त्या मागच्या खोलीशी गेली. गिटार तयार होती. फिकट मधाच्या रंगाची, पॉलिशचा वास अजून ओला. चिमटे सगळे सुटे होऊन डब्यात पडले होते.

“मी चालले,” ती म्हणाली. “दुसऱ्या गावी. शाखा सांभाळायला.”

तो बराच वेळ हात पुसत राहिला. हात स्वच्छच होते. “मग हिला घेऊन जा.”

“कोणाला पोचवायची? बेकरीत?”

“बेकरीत कशाला?”

“त्या... पाव कापणारीला.”

“तिला? तिचं लग्न आहे पुढच्या महिन्यात, पाव पोचवणाऱ्या गाडीवाल्याशी.” तो पार गोंधळला. “माझ्याशी ती बोलते ते फक्त लग्नाच्या केकबद्दल.”

त्यानं स्टूल पुढे ओढलं, तिला बसवलं आणि गिटार तिच्या मांडीवर ठेवली. उलटी. दांडी तिच्या उजवीकडे. “बघा, बसते का हाताला. माप विचारलं नाही मी. तुम्ही रंधा धरायचात ना, त्यावरून घेतलं.”

तिच्या डोक्यात सगळं एकदम फिरलं आणि कुठंच टेकेना. “माझ्यासाठी?”

“मग कोणासाठी?”

“पण मी... मी गिटार उजव्या हातानं वाजवते.”

त्याचा चेहरा असा झाला, जसा दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टचा दिवा जावा. “उजव्या? तुम्ही लिहिता डाव्यानं. रंधा डाव्यानं. माझ्या चहातली साखरसुद्धा डाव्यानं ढवळता.”

“बाबांनी शिकवलं. घरात एकच होती ना.”

“मला वाटलं, ती गिटार तुमच्या हाताची नाही, म्हणून तुम्ही गाणं टाळता.” तो मटकन फळ्यांच्या चळतीवर बसला. “एवढी पट्टीनं पट्टी मोजली, आणि साधं विचारलं नाही.”

“का नाही विचारलंत?”

“विचारलं असतं तर तुम्हाला कळलं असतं.”

“काय?”

“कोणासाठी आहे ते.”

खोलीत भुशाचे कण उन्हात तरंगत होते. ती खाली बघत होती आणि तिला हसू येत होतं, आणि रडूही. नक्की कोणतं आधी, ते तिलाच समजेना.

“द्या इकडे,” तो उठला. “तारा उलट लावतो.”

“आणि आतल्या पट्ट्या? आधार भलत्याच बाजूला राहील. तुम्हीच शिकवलंत.”

“मग वाफ देऊन फळी उघडतो.”

“हात लावू नका,” ती म्हणाली. तो जागच्या जागी थांबला.

तिनं डावा अंगठा मोकळ्या तारांवरून खाली सोडला. आवाज तिच्या पोटापर्यंत घुमत गेला. पुन्हा सोडला, पुन्हा. उजवा हात दांडीवर पाहुण्यासारखा अवघडून बसला होता, त्याला काही म्हणजे काही येत नव्हतं. पण डावा... आयुष्यात पहिल्यांदा ताल मागे राहत नव्हता.

“मला पहिल्यापासून शिकावं लागेल,” ती म्हणाली.

“हो.”

“वेळ लागेल.”

“त्या गावात लिफ्ट असतील ना?” त्यानं खिडकीकडे बघत विचारलं.

“असतील की. का?”

“मग बिघडतही असतील. माणूस लागेल त्यांना.”

गालावर आलेली बट मागे सारायला तिचा हात वर गेला, तर बोटाला लागलेला भुसा गालावर उमटला. या वेळी तो वाकला आणि खरंच फुंकर घातली.

“तू येशील तेव्हा,” ती म्हणाली, आणि ‘तुम्ही’ कधी गळून पडलं ते दोघांनाही उशिरा कळलं, “लिफ्टमधलं गाणं ऐकवीन. ह्याच गिटारवर. ह्याच हातानं.”

“कबूल?”

“कबूल.”

“झाले का माझे चिमटे मोकळे?” दारातून ताईनं विचारलं, आणि चहाचे कप तिथेच ठेवून आल्या पावली परत गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती नेहमीसारखी हात जोडून बसली. आज काही मागायचं नव्हतं. नेम संपला, तरी घर अजून निजलेलं होतं. तिनं गिटार उचलून खिडकीपाशी मांडीवर घेतली, दांडी उजवीकडे, जिथे ती कधीच नव्हती. उजव्या हाताचं बोट चाचपडत तारेवर टेकवलं. सूर फाटका निघाला.

आतल्या खोलीत खाट करकरली. “उजव्या हातानं, बा—” बाबांचा झोपाळलेला आवाज अर्ध्यातच थांबला. सारं कालच सांगून झालं होतं त्यांना.

“डाव्यानं,” थोड्या वेळानं ते म्हणाले. “सावकाश.”

तिनं बोट जरा पुढे सरकवलं, घट्ट दाबलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.