किटलीच्या चोचीचा बगळा

"सोडा ती किटली!"

"आधी मी धरली."

"तुम्ही तोटी धरलीत. किटली मी धरलीय."

भंगाराच्या दुकानात, गंजक्या खुर्च्या आणि बिनचाकी सायकलींच्या मधोमध, दातांची डॉक्टर एका अनोळखी माणसाशी भांडत होती. तिला त्या किटलीत बागेसाठी रोप लावायचं होतं. तो सिमेंटची शिल्पं करणारा. त्याला बगळ्याच्या चोचीसाठी नुसती तोटी हवी होती. ओढाताणीत ती तुटलीच.

"बघा, वाटणी झाली," तो हसला. "आता बगळाही तुमच्याच बागेत उभा करतो."

हसणं छान होतं. तिथेच ती फसली.

बगळा उभा राहिला, एका पायावर, अगदी झोकात. "आता पंधरा दिवस पाणी मारावं लागेल, नाहीतर तडे जातात," शिल्पकार म्हणाला. "मी येईन रोज सकाळी."

पंधरवडा उलटला. महिना झाला. दुसराही सरत आला. तरी रोज सकाळी फाटक करकरायचं आणि झारी घेऊन स्वारी हजर! बगळ्याखाली चिखल, चिखलात त्याच्या चपला, चपलांखाली तिचा झेंडू. वर तिची आई त्याला चहाही देणार.

"आई, सांग ना याला काहीतरी!"

"मी कशाला सांगू? माझी बाग फुकटात शिंपून होतेय."

शेवटी तीच करवादली. "अहो, मी दातांत सिमेंट भरते. पाच मिनिटांत घट्ट होतं!"

"तुमचा एवढासा दात... हा अख्खा बगळा आहे."

"अजून ओलाच आहे?"

त्याने बगळ्याच्या पाठीवर हात ठेवला, पण पाहिलं तिच्याकडे. "आतून... थोडासा."

तिचे कान तापले, आणि ते तापले म्हणून ती आणखी चिडली. "पुरे झालं! उद्यापासून येऊ नका."

"बरं," तो म्हणाला आणि झारी उचलून निघून गेला. थट्टा नाही, हसणं नाही. त्या दिवशी तिने एकाच पेशंटला तीनदा चूळ भरायला लावली.

दुसऱ्या दिवशी अवेळी पाऊस कोसळत होता. ती तोंडात ब्रश धरून खिडकीशी उभी. फाटक वाजेना. येऊ नका असं आपणच सांगितलं ना? मग आता रडू कसलं येतंय? तो आता कधीच येणार नाही, या विचारात ती तोंडातला फेस थुंकायलाही विसरली.

करर्र...

एका हातात छत्री, दुसऱ्या हातात झारी. भर पावसात तो बगळ्याला पाणी घालू लागला.

ती अनवाणीच धावली. "डोकं ठिकाणावर आहे का? पाऊस पडतोय!"

"दिसतंय."

"मग पाणी कसलं मारताय?"

"दुसरं काही सुचलं नाही..." झारी रिकामी झाली, तरी तो ती तशीच वाकडी धरून होता. "खरं सांगू? बगळा केव्हाच पक्का झालाय. मला तुम्ही आवडता. पण तेवढ्यावर रोज कुणाचं फाटक उघडता येतं का?"

"आणि माझा झेंडू?"

"चुकलंच माझं."

त्याने छत्री तिच्यावर धरली आणि स्वतः भिजत राहिला. तिने त्याच्या हातातली झारी काढून घेतली.

"उद्या ही आणायची नाही."

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे... येऊ नको?"

"किती मठ्ठ आहेस रे!" ती वैतागून म्हणाली. "नुसता ये."