मिठाची गुळणी

"काय हवंय? सरबत, की ताक?"

आरे-वारेच्या रस्त्यावरच्या आपल्या टपरीत मनस्वी पुन्हा पुन्हा विचारत होती. टोपी डोळ्यांवर ओढलेल्या त्या उंच तरुणाने नुसतं कोकम सरबताच्या बरणीकडे बोट दाखवलं.

"तोंडात मिठाची गुळणी धरलीय काय हो?"

त्याने मोबाइलवर काहीतरी टाइप करून तिच्यापुढे धरलं - 'हो. डॉक्टरांनीच धरायला लावलीय.'

मनस्वीने वर पाहिलं… आणि हातातला पेला हिंदकळला. सुजय! लहानपणी पूर्णगडच्या देवळात टाळ वाजवणारा, मुंबईत जाऊन गळ्यात गिटार अडकवणारा, मैदानंच्या मैदानं नाचवणारा रॉकस्टार. घशाच्या ऑपरेशननंतर तो गेला कुठे, म्हणून त्याचे चाहते हवालदिल झाले होते, आणि स्वारी इथे तिच्या बाकड्यावर बसून सरबत पीत होती!

मग तो रोजच येऊ लागला. ती बोलायची, तो टाइप करायचा.

"सरबत एवढं आवडलं होय?"

'जरा आंबटच असतं.'

"मग येता कशाला?"

त्याने बराच वेळ काहीतरी टाइप केलं… आणि सगळं पुसून टाकलं. काय पुसलं असेल, या विचारात मनस्वीने त्या दिवशी गिऱ्हाइकांच्या ताकात मिठाऐवजी साखर घातली.

डॉक्टरांची मुदत संपली, तरी तो बोलेना.

"आता परवानगी मिळाली ना? बोला की!"

त्याने भराभर टाइप केलं. 'तोंड उघडलं आणि भलताच आवाज आला तर? गाण्याशिवाय मी कोण, मनू?'

तिने पहिल्यांदाच त्याच्या हातावर हात ठेवला. पण आवाज आला, तर हा मुंबईला जाणार. नाही आला, तर आतून मोडणार. तिचा जीव नुसता टांगणीला लागला.

तशात आभाळ भरून आलं. आंब्याच्या मोहोराला असलं मळभ म्हणजे विषच. गाव देवळात जमलं. देवाला गाऱ्हाणं घालायला मनस्वीचे वडील आत्माराम नारळ घेऊन उभे राहिले. सुजय मागे खांबाला टेकून होता.

"बा देवा म्हाराजा! आमचा मोहोर राख…"

"होय म्हाराजा!" गाव गरजलं.

सुजयचे ओठ नुसते हलले.

"ह्या पोराचा गळा त्याला परत दे…"

"होय म्हाराजा!" मनस्वीने डोळे गच्च मिटले होते.

"आनी आमच्या मनूला जीव लावणारा जोडीदार दे. पोर तोंडाळ हाय, पन मनाची चांगली हाय…"

"होय म्हाराजा!"

या वेळी सगळ्या गावावर एक आवाज चढला. जाड, खरखरीत, देऊळ दणाणून टाकणारा! गाऱ्हाण्याला 'होय' म्हणायची लहानपणची सवय ती, नकळत तोंडातून निसटली होती. सगळ्या माना वळल्या. सुजयने दचकून गळा धरला.

"देवासमोर हो म्हनलास, बाबा," आत्माराम हसले. "कशाला म्हनलास, ठावं हाय ना?"

मनस्वी धावत त्याच्याजवळ गेली.

"हा… पूर्वीचा आवाज नाही," तो कसाबसा म्हणाला. डोळे भरले होते.

"पूर्वीचा सगळ्यांनी ऐकलाय. हा पहिल्यांदा माझ्यासाठी निघाला."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "मग याच आवाजात गाईन. मुंबईला जावं लागेल, मनू… पण त्या दिवशी जे पुसलं, ते आता विचारतो. येशील माझ्याबरोबर?"

एरवी टपरी डोक्यावर घेणारी मनस्वी गप्प. बाहेर मळभ तसंच होतं.

"काय गो," तो घाबरून म्हणाला, "आता गुळणी तू धरलीस काय?"

तिने मान खाली घातली… आणि अगदी हळू, फक्त त्यालाच ऐकू येईल असं म्हणाली, "होय म्हाराजा."