पाठीचे हुक

कागद संपला होता, म्हणून वाल्मिक शेजारच्या सायली गावाला गेला होता. खाकी कागदाची गुंडाळी सायकलला बांधून तो डोकमर्डीला, घरी परतत होता. त्र्याण्णव सालचा ऐन उन्हाळा. सिल्वासात कारखाने धडाधड उभे राहत होते, आणि नेमका तेव्हाच हा शहाद्याचा माणूस कपड्यांच्या कारखान्यातली कटिंग मास्टरची नोकरी सोडून घरी बसला होता.

घरी बसला म्हणजे रिकामा नव्हता. लोकांना कागदी पॅटर्न कापून द्यायचा आणि उरल्या वेळात स्वतःचा माल शिवायचा. त्याला जुन्या धाटणीचे ब्लाउज करायचे होते. बंद गळा, कोपरापर्यंत बाही, पाठीला हुकांची रांग. लेबलसुद्धा विणून आणलं होतं, बायकोच्या नावाचं, 'जया'. ती लेबलं अजून डब्यातच पडून होती. मुंबईत दुकान असलेल्या पल्लवीताईंनी दोनदा नमुने परत पाठवले होते. "जुन्याची नक्कल वाटते हो, जुनं वाटत नाही," त्या म्हणाल्या होत्या. आता शेवटची संधी होती. तीही हुकली तर मशीन विकून गावी परत. जया बोलून दाखवत नसे, पण हल्ली ती भांडीसुद्धा आवाज न करता घासायची.

गल्लीच्या तोंडाशी चिमाबाईचं घर. म्हातारी एकटीच राहायची. तिच्या अंगणात दोरीवर एक ब्लाउज वाळत होता. वाल्मिकनं सायकल तिथंच थांबवली. अशी बेतलेली शिवण त्यानं कधी पाहिली नव्हती. वारा नव्हता, तरी तो ब्लाउज कुणाच्या अंगात असल्यासारखा भरलेला दिसत होता.

"चिमामावशी, हा कोणाचा?"

"माझ्या बहिणीचा. झुंबरचा. पोर्तुगीज साहेबाच्या बंगल्यावर शिवणकाम करायची ती. लग्नासाठी शिवलेला, स्वतःच्या."

"मला खाका काढू द्या. उद्या आणून देतो."

म्हातारीनं ब्लाउज दोरीवरून उतरवला. "काढ. पण अंगात घालू देऊ नको कोणाला."

"का?"

"नको म्हणते ना, भाऊ..."

वाल्मिकनं शब्द पाळला. तो ब्लाउज त्यानं कुणाला घालू दिला नाही. कागदावर पसरून, शिवणीच्या कडेनं टाचणीनं टोचे मारत खाका उतरवला आणि दुसऱ्या दिवशी ब्लाउज परत करून आला. मग त्या खाक्यावरून नव्या कापडाचे तीन ब्लाउज शिवले. नवीन कापड, नवीन दोरा, नवे हुक. यात जुनं काय राहिलं? असं त्याला वाटलं, आणि कुणालाही वाटलं असतं.

त्यातले दोन मुंबईच्या टेम्पोनं सकाळीच रवाना झाले. तिसरा दुपारी जयाच्या अंगावर घालून बघायचं ठरलं.

लाईट गेलेली होती. पंखा बंद, शेजारच्या कारखान्याची घरघर बंद. इतकी शांतता की पत्रे तापल्याचा टकटक आवाज ऐकू येत होता. जयानं ब्लाउज चढवला. पाठ उघडीच ठेवून ती भिंतीला लागून उभी राहिली. वाल्मिक तिच्यासमोर गुडघे टेकून, ओठांत टाचण्या धरून, पुढचा घेर नीट करत होता. नवं कापड, पण त्याला कितीतरी वर्षं बंद असलेल्या पेटीचा वास येत होता.

"अहो, घट्ट होतोय," जया म्हणाली.

तोंडात टाचण्या. त्यानं नुसती मान हलवली.

"सावकाश लावा ना हुक... बोटं किती गार तुमची."

वाल्मिकचे दोन्ही हात तिच्या कमरेशी होते. पुढून.

टक्. वर एक हुक लागल्याचा आवाज आला. मग त्याखालचा. घाई नव्हती. सराईत हातानं लावावेत तसे एकेक हुक लागत होते. जयानं खाली पाहिलं, आपल्या कमरेवरचे त्याचे हात तिला दिसले, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मग... मागे कोण आहे?"

टाचण्या जमिनीवर सांडल्या. त्यानं उठून तिच्या मागे पाहिलं. मागे भिंत होती. भिंत आणि जया यांच्यामध्ये हात घालायलाही जागा नव्हती. शेवटचा हुक लागला. जया तोंड उघडून श्वास घ्यायला धडपडू लागली. त्यानं तिला पुढे ओढलं, पण हुक निघेनात. त्यानं मोठी कात्री उचलली आणि गळ्यापासून खालपर्यंत ब्लाउज कापत नेला. कापड सुटलं तशी ती त्याच्या अंगावर कोसळली.

संध्याकाळी तो चिमाबाईच्या दारात उभा राहिला. त्यानं सगळं सांगितलं. म्हातारी रागावली नाही.

"लग्नाआधीच गेली रे ती. तापानं. हाच घातला होता तिला. हुक मी लावले, या हातांनी. दमणगंगेच्या काठी याच्यासकट जाळली..." ती जरा थांबली. "दुसऱ्या दिवशी पेटी उघडली, तर हा वरच. घडी घालून ठेवलेला."

वाल्मिक धावत फोनच्या बूथवर गेला. तिथं मात्र त्याचा हात क्षणभर अडखळला. नमुने परत मागवले की लेबल संपलं, सगळंच संपलं. पण डोळ्यांपुढं जयाचं उघडं तोंड होतं. त्यानं नंबर फिरवला. मुंबई लागेना. दुसऱ्या दिवशीही लागेना. जया भिंतीला पाठ टेकून बसायची आणि उठायलाच तयार नसायची. शेवटी एका दुपारी पल्लवीताईंचा आवाज आला, आनंदानं भरलेला.

"वाल्मिकभाऊ, काय जादू केलीत! बायका नुसत्या ते दोन ब्लाउज घालून बघायला रांग लावतायत. पन्नास पाठवा."

"ताई, ते विकू नका... घालू देऊ नका कुणाला."

"अहो, काय बोलताय? आणि तुमची ती बाई किती गुणी! एक अक्षर बोलत नाही, पण प्रत्येकीचे हुक लावून देते."

बूथच्या काचेत त्याला स्वतःचाच चेहरा ओळखू येईना.

"कोणती बाई?"

"तुम्हीच पाठवलीत ना? आताही आतच आहे. फक्त तिला एवढं सांगा, हात धुऊन येत जा म्हणावं. सगळ्यांच्या पाठीला राख लागते."