येळवशीचा तास

शिवरंजनीची आणि बदली सरांची पहिली भेट घडली ती तिच्या भाचीच्या नाकाच्या निमित्ताने.

त्या हिवाळ्यात साथीमुळे शाळांची दारे अजून मिटलेलीच होती. लोहाऱ्याच्या एका लहानशा बालवर्गाच्या प्रेमाबाई बाळंतपणासाठी माहेरी गेल्या आणि त्यांच्या जागी मोबाईलच्या पडद्यावर अवतरले अमरनाथ सर. मूळचे कोल्हापूरकडचे, संस्कृत घेऊन एम. ए. झालेले. महाविद्यालयात शिकवण्याची आस धरून या गावी आले, तो महाविद्यालयच बंद. म्हणून मिळाले ते काम स्वीकारून बालगोपाळांपुढे बसले. पहिल्याच दिवशी त्यांनी हात जोडून आरंभ केला, "विद्यार्थी मित्रहो, आज आपण वर्णमालेचा परिचय करून घेऊ."

एका चौकटीत बजरंग खाटेवरून उलटा लोंबकळत होता. दुसरीत शिवांजली गाढ झोपली होती. तिसरीत शिवरंजनीच्या वडिलांची, गुरुसिद्धप्पांची, नात उमा, नाक ओढत, या नव्या प्राण्याकडे टक लावून पाहत होती.

कॅमेरा चालू असल्याचे भान शिवरंजनीला नव्हते. तिने बाजूने हात घातला, ओढणीच्या टोकाने भाचीचे नाक पुसले आणि विचारले, "उमे, हे सर शिकवायलेत का कीर्तन करायलेत गं?"

पलीकडून सर अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "कीर्तनात निदान टाळ्या तरी मिळतात हो."

शिवरंजनीने चटका बसावा तसा हात मागे घेतला. निळ्या काचेच्या बांगड्यांची किणकिण मात्र पडद्यावर थोडा वेळ रेंगाळत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ती उमाच्या मागे, कॅमेऱ्याच्या आडोशाला बसू लागली. स्वतःशी म्हणाली, पोरीला सोबत म्हणून. सोबतीची खरी गरज सरांना होती.

"सर, तुमचा आवाज बंद हाय."

"अरेच्चा! मग मी आतापर्यंत—"

"भिंतीला शिकवलात. भिंत लई हुशार झाली असंल."

ते हसले. हसले की त्यांचा चष्मा नाकावरून घसरे, आणि तो वर सारण्याची त्यांची एक लाजरी लकब होती. ती लकब शिवरंजनीला नकळत पाठ झाली.

"आणि सर, मित्रहो काय म्हणता? बाळांनो म्हणा. एखादं गाणं म्हणा."

"मला गाता येत नाही."

"मग लाजत लाजत म्हणा. पोरांना तेच आवडतं."

"पोरांनाच?" सरांनी विचारले. आडोशामागे नुसत्या बांगड्या किणकिणल्या.

एकदा मुले पांगल्यावर ते म्हणाले, "उमाच्या आत्याबाई, आवाज ऐकतो, हात दिसतो. दर्शन कधी होणार?"

"तुळजापूरला काय करतात सर, दर्शनासाठी? रांगेत उभं राहतात. राहा तुम्ही बी."

"माझ्यापुढे रांगेत कोण कोण आहे, एवढे तरी सांगा."

"कुणी न्हाय," ती बोलून गेली, आणि तिने घाईघाईने तास बंद केला.

पौष तोंडावर आला तशी एक चिंता उभी राहिली. संस्थेचे सचिव पुण्याला राहत. त्यांनी कळवले, की बालवर्ग चालतो की नुसता चालू दिसतो, हे ते स्वतः बसून पाहणार. मुले हजर नसली तर वर्ग उन्हाळ्यापर्यंत बंद. दिवस मात्र सरांनीच ठरवावा.

"मी अमावास्येचा दिवस निवडला," सर विजयी मुद्रेने म्हणाले. "जिल्ह्याला स्थानिक सुट्टी आहे. सगळे पालक घरीच असणार!"

शिवरंजनी खळखळून हसली; आणि हसता हसताच थबकली. "सर... ती येळवस हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या दिवशी ह्या जिल्ह्यात घरी फक्त कुलपं असतात. बाकी सगळा गाव रानात. उभ्या पिकात कडब्याची कोप, म्हंजे खोपी, करतात, देव मांडतात, आंबील पितात. शाळेत कोण बसंल?"

सरांनी चष्मा वर सारला. "सचिवांना दिवस बदलायला सांगितले, तर ते म्हणतील, ह्यांना साधा दिवसही ठरवता येत नाही. असो. वर्ग बंद झाला तर मी कोल्हापूरला परतेन. तुमच्या भिंतीला माझा नमस्कार सांगा."

त्या दुपारी शिवरंजनीला प्रथमच उमगले, की आपण सकाळी उठतो ते अकरा वाजण्याची वाट पाहण्यासाठी. तो तास गेला तर दिवसात उरणार काय? मग तिने एकेका आईला फोन लावायला घेतले.

"येळवशीला कसली शाळा गं बाई?"

"काकू, पोरगं आंबील पिताना मोबाईल समोर धरायचा, बास. ते जेवणारच हाय की; सरांपुढं जेवंल."

चुलीपाशी बाजरीच्या पिठाचे उंडे वळताना तिची आई शांताक्का हे सारे ऐकत होती. "एवढा जीव का तुटायलाय गं, रंजे?"

"पोरांची शाळा बंद होईल की, अव्वा."

"पोरांची... व्हय, व्हय," शांताक्का म्हणाली, आणि हसू लपवायला पिठात मान घातली.

येळवशीचे ऊन कोवळे, वारा झोंबरा. हरभरा घाट्यांनी लगडलेला, ज्वारी पोटऱ्यांत आलेली. कोपीत चुन्याने रंगवलेले पाच दगडी देव बसले होते आणि त्यांच्यापुढे आंबिलाचे गार मडके. गुरुसिद्धप्पांच्या रानात रेंज येई ती केवळ विहिरीच्या कठड्याजवळ. तिथे शिवरंजनी मोबाईल धरून उभी राहिली. पडद्यावर उमाखेरीज दोनच चौकटी होत्या. सरांची, आणि कपाळाला आठ्या घातलेल्या सचिवांची. बाकी कोणी नाही.

"मुले कुठे आहेत?" सचिवांनी विचारले.

सर काही बोलणार, इतक्यात एक चौकट उजळली. कोपीच्या दारात बजरंग, ओठांवर आंबिलाच्या पांढऱ्या मिशा! मग शिवांजली, आजोबांच्या खांद्यावर. मग आणखी एक, आणखी एक... प्रत्येकाच्या मागे वेगळे रान, आणि सगळ्यांच्या वर एकच निळे आकाश.

अमरनाथ सरांनी समोर ठेवलेले पाठाचे कागद हळूच बाजूला सारले. "बाळांनो," ते म्हणाले, आणि हा शब्द प्रथमच त्यांच्या ओठी सहज आला, "मी ह्या गावात नवा आहे. मला काही म्हणजे काही ठाऊक नाही. आज तुम्ही सर, मी विद्यार्थी. हे काय आहे?"

"कोप!" सारे रान ओरडले.

"आणि ह्या मडक्यात?"

"आंबील! सर, तुम्ही पिला न्हाय? बिचारे!"

उंडे मोजता मोजता आकडे झाले, भज्जीच्या मिसळ भाजीतल्या भाज्या ओळखता ओळखता अक्षरे झाली. मुलांनी गाण्याचा हट्ट धरला तेव्हा सरांनी लाजत लाजत, बेसूर, एक बडबडगीत म्हटलेदेखील. सचिवांचे ओठ बराच वेळ हलत होते. शेवटी उमाच ओरडली, "ओ आजोबा, तुमचा आवाज बंद हाय!"

त्यांनी आवाज सुरू केला, तो हसूच ऐकू आले. "वर्ग चालू राहील," ते म्हणाले. "सर, ही भज्जी पुण्यात कुठे मिळते हो?"

तास सुटला, परंतु दोन चौकटी मिटल्या नाहीत. मग आडोशामागचा आवाज म्हणाला, "सर, येळवशीला घरात एकटं बसायचं नसतं. कुणाच्याबी रानात जावं, जेवल्याशिवाय कुणी सोडत न्हाय. मात्र... कुणाच्याबी रानात जाऊ नका. आमच्या या."

उन्हे कलली तेव्हा बांधावरून एक उंच आकृती चपला हातात धरून, हरभऱ्याला धक्का न लावता, जपून येताना दिसली. उमा किंचाळली, "अत्या! सर मोबाईलमधून भायेर आले! केवढे मोठे हैत!"

सर कोपीपुढे बसले. कुणीतरी तांब्यातून आंबील ओतले. निळ्या बांगड्या किणकिणल्या आणि सरांनी मान वर केली.

"उमाच्या आत्याबाई."

"कशावरून?"

"हा हात मी ओळखतो."

"हात लई जणींना असतात, सर."

"असतात. उमाच्या नाकापर्यंत इतक्या मायेने एकच पोहोचतो."

ती हसली, आणि जे दर्शन पडद्याने इतके दिवस अडवून धरले होते, ते मावळतीच्या प्रकाशात त्यांनी डोळे भरून घेतले. थोड्या वेळाने ते हलकेच म्हणाले, "प्रेमाबाई येतील, माझी बदलीची नेमणूक संपेल. पण मला ह्या गावात कायमचे राहावेसे वाटते... तुमच्याजवळ. कुणाला विचारू?"

"अप्पांना." तिने नजर मडक्यात बुडवली. "पण शिफारस माझी लागंल."

"मिळेल?"

"कीर्तन कमी केलं तर."

सूर्य टेकला. कडब्याची चूड पेटवून पिकाभोवती फिरवण्याची वेळ झाली. त्या घरची रीत अशी, की चूड घरच्याच माणसाने धरायची. पाहुणा कितीही मानाचा असो, त्याने बांधावर उभे राहून पाहायचे. गुरुसिद्धप्पांनी चूड पेटवली, ज्वाळेच्या उजेडात एकदा लेकीचा चेहरा न्याहाळला, एकदा सरांचा.

"रंजे," ते म्हणाले, "चूड सरांच्या हातात दे."

शिवरंजनी जागच्या जागी खिळली. "अप्पा... सरांच्या?"

"ऐकू आलं न्हाय का? तू बी जा संगं. वाट त्यांना ठाऊक न्हाय."

"जा की गं," शांताक्का पुटपुटली, "वारं उठायच्या आत फेरी व्हायला पाहिजे."

चूड एका हातातून दुसऱ्या हातात गेली. बोटे क्षणभर तिथेच थांबली. रीत ठाऊक नसलेले सर नुसते उजेडाकडे पाहत होते. तिने चालता चालता त्यांना ती सांगितली, तेव्हा त्यांची पावले अडखळली आणि चष्मा पार नाकाच्या शेंड्यावर आला. हातात चूड होती; म्हणून तो तिनेच वर सारला.

शेजारच्या रानांतून हर हर महादेवाची गर्जना उठत होती. पुढे नाचणारी उमा वळून म्हणाली, "सर, आवाज चालू हाय ना? मग म्हणा की मोठ्यानं!"

आणि गाता न येणाऱ्या अमरनाथ सरांनी, उभे शिवार ऐकेल एवढ्या मोठ्याने, आरोळी दिली.